साईट जुनीच दिसते, क्लिअर केलं की नीट होते, डबा खाईपर्यंत परत जुनी – मोबाईलवरचा हा प्रॉब्लेम शेवटी कसा सुटला

सरळ मुद्द्यावर येतो, कारण हे वाचणारे बरेचजण आत्ता हातात मोबाईल घेऊन वैतागलेले असणार. प्रॉब्लेम असा की एखादी साईट तुमच्या मोबाईलवर जुनीच दिसते नाहीतर उघडतच नाही, शेजारच्याच्या मोबाईलवर तीच साईट मस्त चालू, मग कुणीतरी सांगतं कॅशे क्लिअर कर, तुम्ही करता, चालू होते, तुम्ही खूश, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. आमच्या मामांच्या दुकानात हे तीन आठवडे चाललं होतं आणि तीन आठवडे मी रोज फोनवर "क्लिअर करा की मामा" एवढंच म्हणत होतो. चुकलं माझं. म्हणून आता बसून सगळं लिहितोय, काय क्लिअर केल्यावर नेमकं काय जातं, काय जात नाही, आणि परत परत होत असलं तर कुठं बघायचं.

मामांचं सोलापुरात चादरी-टॉवेलचं होलसेल. आधी चाटी गल्लीत होतं, आता अक्कलकोट रोडला. साईट मी करून दिलीय, लै मोठं काही नाही, डिझाईनचे फोटो, साईझ, आणि रेटचं एक पान, हैदराबाद-बेंगळुरूचे व्यापारी त्यावर बघतात आणि व्हॉट्सअॅपवर ऑर्डर टाकतात. जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या आधी जुना सर्व्हर, म्हणजे साईट जिथं ठेवलेली असते तो कॉम्प्युटर, इतका स्लो झाला की फोटो उघडेपर्यंत चहा गार व्हायचा, म्हणून मी साईट दुसऱ्या सर्व्हरवर हलवली, आणि तेवढ्यात सुताचे भाव वाढले म्हणून रेटचं पानही नवीन केलं. तिथून सुरू झालं. "काय बे, माझ्या मोबाईलवर अजून जुनंच रेट दिसायलंय की." डबल चादरीमागं 35 रुपयांचा फरक होता, आणि गिऱ्हाईक साईटचा फोटो काढून पाठवतं की बघा तुमच्याच साईटवर लिहिलंय, तेव्हा ते 35 रुपये कुणाच्या खिशातून जातात ते सांगायला नको.

आधी एक गोष्ट, दोन वेगवेगळे कॅशे एकात कालवू नका. (आणि मामांना पहिल्यांदा "कॅश क्लिअर करा" म्हणालो तेव्हा ते गल्ल्याकडं बघायला लागले, तेव्हापासून मी कॅशे म्हणतो, तुम्ही काहीही म्हणा.)

ब्राउझरचा कॅशे म्हणजे व्यापाऱ्याच्या टेबलावरचं सॅम्पल बुक. गिऱ्हाईक आलं की दरवेळी कुणी कारखान्यातून डिझाईन मागवत नाही, बुक उघडतो आणि दाखवतो. क्रोम तेच करतं, साईटचे फोटो, रंगरूप, कधी कधी अख्खं पान मोबाईलमध्ये ठेवून घेतं म्हणजे पुढच्या वेळी पटकन उघडतं आणि डेटा वाचतो. कारखान्यानं डिझाईन बदललं तरी बुक जुनं, एवढाच काय तो दोष.

डीएनएस वेगळं. आपण साईटचं नाव टाइप करतो पण मोबाईलला जायचं असतं आकड्यांच्या पत्त्यावर, म्हणजे आयपी अॅड्रेसवर, आणि नाव सांगितलं की पत्ता देणारी जी व्यवस्था ती डीएनएस. 1983 साली पॉल मोकापेट्रिस नावाच्या माणसानं ही मांडली, त्याच्या आधी सगळ्या कॉम्प्युटरांची नावं नि पत्ते एकाच फाईलमध्ये लिहून ती फाईल सगळीकडं वाटायचे. आता काय होतं, एकदा विचारलेला पत्ता मोबाईल लक्षात ठेवतो, वायफायचा राऊटर ठेवतो, इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा सर्व्हरही ठेवतो. किती वेळ ठेवायचा ते साईटवाल्यानं सेकंदात लिहून दिलेलं असतं, त्याला टीटीएल म्हणतात, 300 म्हणजे पाच मिनिटं, 3600 म्हणजे तास, 86400 म्हणजे अख्खा दिवस. दुकान चाटी गल्लीतून हललं तेव्हा एक टेम्पोवाला महिनाभर गाठी जुन्या दुकानासमोरच उतरवून मोकळा व्हायचा, कितीही सांगा, "सवयीनं गेलो शेठ". माल तोच, मालक तोच, त्याच्या डोक्यातला पत्ता जुना. डीएनएस कॅशे अडकला की मोबाईलचं हेच होतं, तो जुन्या सर्व्हरच्या दारात जाऊन उभा राहतो, तिथं जे असेल ते दाखवतो, आणि काही नसेल तर साईट उघडत नाही म्हणतो.

अजून एक गंमत म्हणजे "असा पत्ताच नाही" हे उत्तरसुद्धा लक्षात ठेवलं जातं. नवीन डोमेन, म्हणजे साईटचं नाव, घेतलं, सेटिंग पूर्ण व्हायच्या आत उतावीळपणानं उघडून बघितलं, की तो नकार काही वेळ तुमच्याच मोबाईलवर चिकटून बसतो आणि बाकी सगळ्यांना साईट दिसते. मी हे दोनदा केलंय.

आता क्लिअर करायच्या आधी दोन मिनिटं तपासा, नाहीतर नुसतं हवेत बाण. पहिलं, वायफाय बंद करून मोबाईल डेटावर तीच साईट उघडा. डेटावर नीट आणि वायफायवर बिघडलेली असेल तर तुमचा ब्राउझर बिचारा निर्दोष आहे, गडबड राऊटरकडं नाहीतर त्या लाईनच्या डीएनएसकडं. दुसरं, इन्कॉग्निटो टॅबमध्ये उघडा. इन्कॉग्निटो जुनं सॅम्पल बुक वापरत नाही, कुकीजही (लॉगिन वगैरे लक्षात ठेवायच्या छोट्या नोंदी) वेगळ्या, पण पत्ता मात्र त्याच मोबाईलच्या डीएनएसला विचारतो. म्हणजे इन्कॉग्निटोत नवीन दिसलं आणि साध्या टॅबमध्ये जुनं, तर ब्राउझर कॅशे. दोन्हीकडं जुनं, तर डीएनएसवर संशय घ्या. तिसरी एक चोरवाट आहे, वर टाइप केलेल्या साईटच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून कुठलाही आकडा लिहायचा, समजा प्रश्नचिन्ह 77, आणि एंटर. ब्राउझरला वाटतं हे नवीन पान आहे आणि तो ते ताजं मागवतो. फोटो जुने राहू शकतात पण मजकूर ताजा येतो, रेटचं पान तपासायला एवढं पुरतं.

एररचं वाक्यही वाचत जा, लोक वाचतच नाहीत, नुसतं "नाय चालत" म्हणून सांगतात. डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन नाहीतर नेम नॉट रिझॉल्व्ड असं असेल तर पत्ता सापडत नाहीये, आधी स्पेलिंग बघा, मग डीएनएस. टू मेनी रिडायरेक्ट्स असेल तर बहुतेक कुकीजचा घोळ. सर्टिफिकेटची लाल सूचना आणि डेट इनव्हॅलिड असेल तर मोबाईलची तारीख बघा आधी, आमच्या ओळखीत एकाचा मोबाईल बॅटरी पूर्ण उतरून परत चालू झाल्यावर भलत्याच वर्षात गेला होता आणि तो अर्धा दिवस क्लिअर क्लिअर करत बसला होता.

ब्राउझर कॅशे असल्याची खात्री झाली तर अँड्रॉइडवर क्रोम उघडा, वर उजवीकडं तीन टिंबं, तिथं डिलीट ब्राउझिंग डेटा असं असतं, जुन्या क्रोममध्ये क्लिअर ब्राउझिंग डेटा. टाईम रेंजमध्ये ऑल टाईम निवडायचं, कारण तो आपोआप थोड्याच वेळावर ठेवलेला असतो, लोक तसंच दाबतात आणि चार दिवसापूर्वीचं जुनं पान जागेवरच राहतं, मग म्हणतात क्लिअर करून पण फरक नाही. टिक फक्त कॅश्ड इमेजेस अँड फाईल्सवर ठेवा. कुकीज अँड साईट डेटावरची टिक काढा, ती राहिली तर बहुतेक साईट्समधून लॉगआउट व्हाल आणि मग पासवर्ड आठवा, ओटीपी मागवा, नको तो उद्योग. ब्राउझिंग हिस्टरीलाही उगाच हात लावू नका, गूगल अकाउंटला सिंक चालू असेल तर इथली हिस्टरी पुसली की त्याच अकाउंटच्या लॅपटॉपवरूनही जाते. आणि पासवर्डवर टिक कधीच नाही, कधीच म्हणजे कधीच नाही.

एकाच साईटचा लॉगिन अडकला असेल तर सगळं पुसायची गरज नसते. ती साईट उघडून पत्त्याच्या डावीकडच्या छोट्या चिन्हावर टॅप करा, तिथं कुकीज अँड साईट डेटा दिसतं, त्यात त्या एका साईटचं काढून टाकायची सोय आहे.

दुसरा रस्ता मोबाईलच्या सेटिंगमधून, अॅप्स, क्रोम, स्टोरेज. इथं दोन बटणं शेजारी शेजारी असतात आणि इथंच लोक मरतात. क्लिअर कॅशे निरुपद्रवी आहे, बिनधास्त दाबा. क्लिअर स्टोरेज किंवा क्लिअर डेटा म्हणजे अॅप नवीन टाकल्यासारखं कोरं करणं. क्रोमचं दाबलं तर निदान अकाउंटमधून बरंच परत येतं, पण मामींनी कुठला तरी व्हिडिओ बघून, मोबाईल हँग होतोय म्हणून, व्हॉट्सअॅपचं दाबलं होतं आणि बॅकअप बंद होता. सगळे चॅट गेले, भिशीचा हिशोब गेला, त्यावर घरात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. जाता जाता, प्ले स्टोअरवरची ती क्लीनर-बूस्टर अॅप्स टाकू नका, त्यांना जे करायचंय ते तुम्ही वरच्या बटणानं फुकटात आणि जाहिराती न बघता करता.

आता डीएनएसकडं. क्रोमचा स्वतःचा एक छोटा डीएनएस कॅशे असतो आणि तो पुसायचं पान लपलेलं असतं, मेनूत कुठंच नाही, पत्ता हातानं टाइप करावा लागतो. हे मी मामांना फोनवर सांगितलं होतं, ती दहा मिनिटं मी विसरणार नाही.

"मामा, वर जिथं साईटचं नाव टाकता तिथं लिहा, क्रोम."

"लिहिलं."

"पुढं कोलन. दोन टिंबं, एकावर एक."

"ते विसर्गासारखं?"

"हां तेच. मग दोन तिरक्या काठ्या, उजवीकडं कललेल्या. मग नेट, मग आडवी रेघ, मग इंटर्नल्स."

"इंटरनॅशनल?"

"इंटर्नल्स मामा. आतलं. मग परत एक तिरकी काठी, मग हॅश, मग डीएनएस."

"हॅश म्हणजे?"

"ते बॅलन्स चेक करताना शेवटी दाबतो ना, ते."

"मग तसं सांग की बे सरळ."

पान उघडलं की क्लिअर होस्ट कॅशे असं एक बटण दिसतं, ते दाबायचं. दाबल्यावर काहीच घडल्यासारखं दिसत नाही, टाळ्या नाहीत, मेसेज नाही, म्हणून लोक सात-आठ वेळा दाबतात, एकदा पुरे. त्याच पानावर बाजूला सॉकेट्सचा भाग आहे, तिथं फ्लश सॉकेट पूल्स, तेही एकदा दाबा कारण जुन्या सर्व्हरशी आधीच जोडलेलं कनेक्शन उघडं असेल तर पत्ता पुसून उपयोग नाही, तो जुन्याच तारेवरून बोलत राहतो. ते झालं की टॅब बंद करून परत उघडा.

हे क्रोमपुरतं झालं. मोबाईलचा स्वतःचा डीएनएस कॅशे वेगळा, त्याला पुसायचं बटण अँड्रॉइडनं दिलेलं नाही, आयफोनमध्येही नाही. सोपा उपाय एअरप्लेन मोड. चालू करा, दहा-पंधरा सेकंद थांबा, बंद करा. पण एक बघा, आजकालचे मोबाईल लक्षात ठेवतात की मागच्या वेळी एअरप्लेन मोडमध्ये तुम्ही वायफाय चालूच ठेवलं होतं, आणि पुढच्या वेळी वायफाय बंदच करत नाहीत, मग काही उपयोग होत नाही. वर वायफायची खूण गेली का ते बघूनच थांबा. त्यानंही नाही झालं तर मोबाईल रीस्टार्ट. रीसेट नेटवर्क सेटिंग्ज हा शेवटचा उपाय आहे, त्यानं सगळ्या वायफायचे पासवर्ड जातात आणि अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या जोड्याही जातात, दुकानाच्या वायफायचा पासवर्ड ज्यानं टाकला तो पोरगा आता पुण्यात आहे असली परिस्थिती असेल तर आधी पासवर्ड शोधा.

राऊटर विसरू नका. घरातले, दुकानातले सगळे मोबाईल पत्ता त्यालाच विचारतात आणि तो पुढं कंपनीला विचारतो, पण मधल्या मध्ये स्वतःही काही उत्तरं जपून ठेवतो. प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, लावा. मामांनी ह्यातलं काही माहीत नसताना बरोबर पकडलं होतं, "लाईट जाऊन आली की साईट नीट होते बघ". मी हसलो होतो. लाईट गेली की राऊटर बंद, आली की कोरा होऊन सुरू, आणि पहिल्याच प्रश्नाला ताजं उत्तर. एप्रिलमध्ये इथं पारा 42 च्या पुढं गेला की लाईटचं काय होतं ते सोलापूरकरांना सांगायला नको, म्हणजे उन्हाळ्यात राऊटर फुकटातच रीस्टार्ट होत राहतो.

अजून दोन ठिकाणं तपासा जिथं बरेचजण बघत नाहीत. अँड्रॉइड 9 पासून सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस नावाची गोष्ट आलीय, नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये सापडेल, सॅमसंगमध्ये कनेक्शन्स, मोअर कनेक्शन सेटिंग्ज, तिथं. त्यात कुणीतरी जाहिराती बंद करायला म्हणून एखादं नाव टाकून ठेवलेलं असतं. ते नाव चुकलं तर वायफाय असो की डेटा, काहीच उघडत नाही, आणि नाव बरोबर असून त्या वायफायवर 853 नंबरचा पोर्ट, म्हणजे हे प्रश्न ज्या दारातून जातात ते, बंद असला की वायफाय कनेक्टेड पण इंटरनेट नाही असली सूचना येते आणि डेटावर मात्र सगळं चालू. ऑटोमॅटिकवर टाका, प्रश्न मिटतो. स्वतः काही टाकायचंच असेल तर नाव टाकावं लागतं, 8.8.8.8 असे आकडे तो घेतच नाही, डीएनएस टिंब गूगल असं लिहायचं. दुसरं ठिकाण क्रोमच्या आत, प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये यूज सिक्युअर डीएनएस. ते दुसऱ्या कुठल्या कंपनीवर लावून ठेवलं असेल तर क्रोम पत्ता तिकडं विचारतो आणि बाकीचा मोबाईल भलतीकडं, म्हणजे एकाच मोबाईलवर क्रोममध्ये एक नि अॅपमध्ये एक. डोकं फिरतं अशा वेळी.

तुम्ही गूगलचं 8.8.8.8 किंवा क्लाउडफ्लेअरचं 1.1.1.1 वापरत असाल तर त्यांच्या सर्व्हरवरचं जुनं उत्तर पुसायची पानंही आहेत, गूगलचं फ्लश कॅशे, क्लाउडफ्लेअरचं पर्ज कॅशे, डोमेनचं नाव टाकायचं आणि दाबायचं. साईटवाल्यांनी सर्व्हर हलवल्यावर हे करावं, साध्या माणसाला गरज पडत नाही.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात, कारण आमच्याकडं एकच आयफोन आहे आणि तो मामेभावाचा, तो हात लावू देत नाही. सेटिंग्ज, सफारी, क्लिअर हिस्टरी अँड वेबसाईट डेटा. आयओएस 18 पासून सफारी सेटिंग्जच्या तळाशी अॅप्स नावाच्या भागात गेलंय, म्हणून बरेचजण म्हणतात गायब झालं. एकाच साईटचं काढायचं तर सफारीच्याच सेटिंगमध्ये खाली अॅडव्हान्स्ड, वेबसाईट डेटा, साईट शोधा आणि डावीकडं सरकवून डिलीट. डीएनएससाठी एअरप्लेन मोड, बस.

आणि हे लक्षात ठेवा, फेसबुक-इन्स्टाग्रामच्या आत लिंक दाबली की ती क्रोममध्ये उघडत नाही, त्यांच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते आणि त्याचं सॅम्पल बुक वेगळं. क्रोम कितीही धुवा, तिथं जुनंच. तीन टिंबं दाबून बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा आणि मग बोला. व्हॉट्सअॅपवर लिंकखाली जो फोटो नि दोन ओळी दिसतात तो तर पाठवणाऱ्याच्या मोबाईलनं पाठवतानाच बनवलेला असतो, तो तुमच्याकडून बदलणार नाही, तिकडून लिंक परत पाठवायला सांगा.

आता मूळ भानगड. हे सगळं मामांच्या मोबाईलवर करून झालं होतं. इन्कॉग्निटोतही जुनं, डेटावर कधी नवीन कधी जुनं, वायफायवर कधी जुनं कधी नवीन. होस्ट कॅशे पुसला की बऱ्याचदा नीट. मग मी एका रविवारी दुकानात जाऊन बसलो. मामा म्हणाले, "सकाळी साडेदहाला तू सांगतो तसं करतो, नवं रेट येतंय. डबा खाऊन हात धुतो नि बघतो तर जुनं." मला आधी वाटलं जेवायला घरी जात असतील, नेटवर्क बदलत असेल, म्हणून विचारलं. नाही, डबा दुकानातच येतो, कडक भाकरी, शेंगा चटणी, ताक, जागचे हलत नाहीत. मग हात कधी धुता? अडीच. साडेदहा ते अडीच. चार तास. चार तास म्हणजे 14400 सेकंद, आणि मी साईटच्या डीएनएसच्या पानावर टीटीएल बघितला तर तोच आकडा, 14400, साईट ठेवायला जागा देणाऱ्या बऱ्याच होस्टिंग कंपन्यांकडं तो आपोआपच तसा असतो. मामांच्या जेवणाच्या वेळेनं जे सांगितलं ते मला तीन आठवडे कळलं नव्हतं.

म्हणजे पत्त्याची मुदत संपली की मोबाईल परत विचारतोय, आणि परत विचारल्यावर त्याला नवा नाही, जुनाच पत्ता मिळतोय. कॅशे जुना आहे म्हणून नाही. विचारतोय तिथूनच जुनं उत्तर येतंय. हे कळल्यावर लॅपटॉप उघडला, वेगवेगळ्या शहरांतून डीएनएस तपासून दाखवणाऱ्या साईट्स असतात त्यातली एक उघडली, डोमेन टाकलं. अर्ध्या शहरांसमोर नवा आयपी, अर्ध्यांसमोर जुना. सर्व्हर बदलून तीन आठवडे झाल्यावर हे व्हायला नको. मग त्याच पानावर वर एनएस निवडलं, म्हणजे ह्या डोमेनचे पत्ते कोण सांगतंय ते बघायला, आणि तिथं चार नावं. दोन नव्या कंपनीची आणि दोन जुन्या.

मीच केलेलं. सर्व्हर हलवताना डोमेनच्या पॅनेलमध्ये नवीन दोन नेमसर्व्हर, म्हणजे वरचे तेच पत्ता सांगणारे एनएस, खाली जोडले आणि वरचे दोन काढायचेच राहिले, रात्री दीड वाजता काम केलं की असंच होतं. जुन्या सर्व्हरचे पैसे मार्चपर्यंत भरलेले म्हणून तो बंदही केला नव्हता, आणि तो बिचारा इमानदारीनं जुना पत्ता सांगत होता, जुनी साईट दाखवत होता, जुन्या रेटसकट. चार जणांत कुणालाही विचारा, दोघं खरं सांगणार, दोघं जुनं. मामा कॅशे पुसत होते तेव्हा ते दुरुस्ती करत नव्हते, चिठ्ठी परत काढत होते. नवी निघाली की पुढचे चार तास नवं, जुनी निघाली की मला फोन.

जुने दोन नेमसर्व्हर काढले. पण लगेच सगळीकडं होत नाही, डॉट कॉमच्या वरच्या पातळीवर नेमसर्व्हरची नोंद 172800 सेकंद, म्हणजे दोन दिवस, जपायला दिलेली असते. म्हणून जुन्या सर्व्हरवरही त्याच रात्री रेटचं पान नवीन चढवलं, तिथल्या डीएनएसमध्येही आयपी नवा लिहिला, म्हणजे मधल्या दोन दिवसात कुणी जुन्याकडं विचारायला गेलंच तरी त्याला नवाच पत्ता मिळावा. हे मी जानेवारीतच करायला हवं होतं, आणि सर्व्हर हलवायच्या आदल्या दिवशी टीटीएल 300 वर आणायचा, तेही केलं नव्हतं. तुम्ही स्वतःची साईट हलवणार असाल तर आधी टीटीएल कमी करा, एक दिवस थांबा, मग हलवा, आणि नेमसर्व्हर मोजा. दोन टाकले तर दोनच दिसले पाहिजेत.

तुम्ही साईटवाले नसाल, नुसते बघणारे असाल, आणि वरचं सगळं करून ठराविक तासांनी परत तेच होत असेल, आणि दुसऱ्या गावातल्या मित्रालाही कधी नवं कधी जुनं दिसत असेल, तर मोबाईल खाली ठेवा आणि साईटवाल्याला कळवा. नुसतं "चालत नाही" असं नको, किती वाजता नीट होती, किती वाजता बिघडली, वायफाय की डेटा, इन्कॉग्निटोत काय दिसलं, एवढं लिहून स्क्रीनशॉटसकट पाठवा. मला मामांनी पहिल्याच दिवशी वेळ सांगितली असती, किंवा खरं म्हणजे मी विचारली असती, तर तीन आठवडे वाचले असते.

तिसऱ्या दिवशी सगळ्या शहरांसमोर नवा आयपी. मामांच्या मोबाईलवर साडेदहाला नवं, अडीचला नवं, दुकान बंद करताना नवं. त्यांनी चहा पाजला. आणि चौथ्या दिवशी सकाळी परत फोन.

"काय बे, हैदराबादच्या पार्टीला जुनंच रेट दिसतंय."

मी म्हणालो स्क्रीनशॉट मागवा. आला. बघितलं तर ती साईटच नव्हती. त्यानं डिसेंबरमध्ये साईटवरून रेटलिस्टची पीडीएफ उतरवली होती, ती त्याच्या डाउनलोड्समध्ये पडली होती, आणि दरवेळी तीच उघडून बघत होता. फाईलच्या नावापुढं कंसात 3 लिहिलेलं, म्हणजे तीच फाईल त्यानं आधी तीनदा उतरवलीय आणि चौथ्यांदा ही. मामांना सांगितलं, ह्याला कॅशे नाही, ह्याला डीएनएस नाही, ह्याला फोन करून सांगा डाउनलोड्स उघडा आणि चारही फाईली डिलीट करा. पीडीएफच्या नावात आता मी तारीख घालायला लागलोय.